मुख्य तक्रार

“शेवटची पाळी कधी आली?” नर्सिंग शिकणाऱ्या हर्षालीनं फॉर्म भरता भरता, चक्कर येते म्हणून आलेल्या आपल्या पहिल्यावहिल्या पेशंटला विचारलं.

“मंगळवारी. चारच तास,” शेजारून पेशंटच्या सासूबाईच बोलल्या. “निम्मा ऊस कोरडाच ऱ्हायला.”

हर्षालीनं ‘चार तास’ लिहिलंसुद्धा, मग पेन अडला. “मावशी, कालव्याच्या पाण्याची नाही हो. यांची.”

सून हसून हसून बेजार झाली. तशीच बोटांवर दिवस मोजायला लागली आणि दोन्ही हात पाचव्यांदा संपले तशी सासूबाईंकडे बघायला लागली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती.

तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, तेव्हा हर्षालीलाच गरगरायला लागलं. सासूबाईंनी डोळे पुसत फॉर्म ओढून घेतला. वर लिहिलं होतं, ‘मुख्य तक्रार : चक्कर येणे.’

“पोरी,” त्या म्हणाल्या, “त्ये ‘तक्रार’ तेवढं खोड.”