टाकीतला अंगारा

मुरगूडच्या रामनवमीला कीर्तनकार बुवांना आपल्या जुन्या मोटारीतून न्यायचा मान आण्णांचा. पण हल्ली मोटार चढावर मधेच मान टाकायची, चार आचके द्यायची आणि काही घडलंच नाही अशी पुन्हा चालू लागायची. आज जन्मकाळ गाठायचा, बुवा चिपळ्या मांडीवर घेऊन मागं बसलेले, आणि मोटार गौस मिस्त्रीच्या दारात उभी.

गौसनं पुन्हा एकदा कार्बोरेटर खोलला. पेट्रोल जायच्या बारीक भोकात राख चिकटली होती.

"आण्णा, टाकीत चूल मांडलीया व्हय?"

आण्णांनी बायकोकडं बघितलं. बनाबाईंनी पदर सारखा केला. "राख न्हवं, अंगारा हाय. गाडी अडू नये म्हणून निघताना चिमूटभर सोडती मी टाकीत."

"आवं वैनी, त्यानंच तर अडतीया! अंगारा कपाळाला लावायचा, गाडीला पाजायचा न्हाय!"

बुवा खो-खो हसले. "बनाबाई, भक्ती उदंड, पण कपाळ चुकलं की वो!"

टाकी धुतली, इंजन सुरात लागलं, आता जन्मकाळ चुकत नाही म्हणून आण्णांचा जीव भांड्यात पडला. गौस मात्र हात पुसता पुसता म्हणाला, "पर वैनी, ही येडी अक्कल तुम्हाला दिली कुणी?"



"तुझ्या आईनं. पिराचा अंगारा हाय. लेकाच्या हातची गाडी वाटंत बंद पडली तर त्याचं नाव जाईल, म्हणत हुती."