आदर्श जोडपं

सोसायटीच्या वर्धापनदिनी ‘आदर्श जोडपं’ म्हणून विलास आणि कुमुदिनीचं नाव पुकारलं, तेव्हा स्टेजवर विलासने बायकोचा पदर हलकेच सारखा केला. बायकांना केवढं कौतुक वाटलं!

“इतक्या वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नाही,” तो माईकवर म्हणाला. ते खोटं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात, न विचारता माहेरी फोन केला म्हणून त्याने तिचा हात पिरगळला होता. तेव्हापासून तिने उलट शब्द काढला नव्हता.

“वहिनी, तुम्हीही सांगा की गुपित!” सेक्रेटरी म्हणाले. माईक देताना विलास हसत हसत तिच्या कानाशी पुटपुटला, “दोन शब्दांत आटप.”

“हे कामाला जाताना मला आत ठेवून बाहेरून कुलूप लावतात,” कुमुदिनी म्हणाली. “भांडण होणार कसं?”

मंडप हसून लोटपोट झाला. कुणीतरी शिट्टीही मारली. सगळ्यांत मोठ्याने विलास हसला. एवढं धाडस करून आपण खरं बोललो आणि त्याचा विनोद झाला, या विचाराने कुमुदिनीचे डोळे भरून आले.

समोरच्या फ्लॅटमधल्या शेवंताबाई तेवढ्या हसल्या नाहीत. ते कुलूप त्या रोज दुपारी बघायच्या आणि घरात कुणी नाही असं समजायच्या. त्या तरातरा स्टेजवर चढल्या आणि विलासपुढे हात पसरून उभ्या राहिल्या.

“किल्ली द्या. हिचे चार कपडे घेऊन येते. आजपासून ही माझ्याकडे राहील.”

विलास अजून हसतच होता. आता मात्र एकटाच.