थोरल्या सुनेची साक्ष

दाराला कडी लागत नव्हती, म्हणून बाहेर बाकावर बसलेल्या तनुजाला आतलं सगळं ऐकू येत होतं. आत तिच्या मैत्रिणीची, सुलेखाची, पीएच.डी.ची मुलाखत चालली होती. यंदा जागा एकच होती, आणि उमेदवार या दोघीच उरल्या होत्या.

"धाकटीनं दागिना चोरला, असं कादंबरीत थोरली सून सांगते," सुलेखा म्हणत होती. "पण सर, ती अविश्वसनीय निवेदक आहे. मुद्दाम खोटं बोलत नाय ती. तिनं सगळं पाहिलेलंच नसतं."

तनुजाच्या अंगाचा तिळपापड झाला. हा अर्थ तिचा होता! आजवर या जुन्या कादंबरीचे सगळे समीक्षक थोरलीच्या शब्दावर विसंबले होते. मेख शोधली ती तनुजानं, आणि कालच होस्टेलच्या गच्चीवर सुलेखाला मोठ्या प्रेमानं ऐकवली. लासूर स्टेशनहून तनुजाच्या आईनं धाडलेली भाकरी अन् ठेचा खात सुलेखा म्हणाली होती, "लई भारी शोधलंस गं!"

खाल्ल्या घरचे वासे मोजावेत ते असे.

शिपाई मालनबाईंनी चहा आत नेला आणि बाहेर येऊन दाराला स्टूल लावलं. पुढचं ऐकू आलं नाही.

थोड्या वेळानं सुलेखा बाहेर आली. आत काय विचारलं ते पुढच्याच्या कानात सांगायचं, ही विभागाची जुनी रीत. सुलेखा नुसती हसली.

"जा बिनघोर. मग सांगते."

बघा, तोंड कसं साखरेचं! तनुजाला रडूच कोसळणार होतं. ते गिळून ती आत गेली.

"थोरल्या सुनेबद्दल काय वाटतं?" नानासाहेब सरांनी विचारलं.

आता तेच सांगावं तर चोर आपणच ठरणार.

"आधी एक सांगते, सर. सुलेखानं कादंबरी उघडूनसुद्धा पाहिलेली नाही. तिचा प्रबंधाचा आराखडाही उचललेला आहे."

आराखडा सुलेखानं स्वतः खपून लिहिला होता, हे तनुजाला पक्कं ठाऊक होतं. पण जीभ थांबेना.

"खात्री आहे?"

"व्हय सर. डोळ्यांनी पाहिलंय."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नवल आहे. जाता जाता ती म्हणाली, 'हा अर्थ माझा नाय, सर. बाहेर तनुजा बसलीय, तिचा आहे. तिलाच विचारा.'"