चिमूटभर टीसीएल

दवाखान्यातल्या संशोधनाच्या खोलीत दिपालीनं डबीचं झाकण उघडलं आणि ती थबकली. आतला साखरबाईंचा बेडका हिरवा असायला हवा होता. डबीत नुसता पांढुरका फेस होता आणि वास थेट ग्रामपंचायतीच्या नळाचा.

"आजी, यात काय घातलंत?"

साखरबाईंनी पदर तोंडाला लावून नवऱ्याकडं पाहिलं. सिद्धू खुर्चीच्या कडेवर बसला होता. सणसरहून बारामतीपर्यंत एसटीत त्यानंच ती डबी जपून धरली होती.

"चिमूटभर टीसीएल टाकली," तो खाली बघत म्हणाला. "लई हिरवं दिसत व्हतं. म्हटलं, दवाखान्यात अशी घाण कशी न्यायची?"

गावाला पाणी सोडायचं काम त्याच्याकडं होतं. सकाळी टाकीखाली चपला काढायच्या, शिडीनं वर चढायचं आणि टीसीएल, म्हणजे ती जंतू मारायची पांढरी पावडर, पाण्यात सोडायची. ज्या पाण्यावर गाव जगतं तिथं चपला नकोत, असं त्याला वाटायचं.

"आता हिला औषधाच्या चाचणीत घेनार न्हाय का?"

"घेऊ की. पण आधी हिरवा नमुना तपासायला हवा. आजी, दुसरी डबी देते. इथंच खोकून द्या."

साखरबाईंनी मान हलवली. "न्हाय. मला ते परत बघायचं न्हाय. आतनं मी कुजले, एवढं कळलं, बास झालं."

सिद्धूचा चेहरा उतरला. दोन दवाखाने करून ते या संशोधनाच्या खोलीपर्यंत पोचले होते. याच्यापुढं कुठं जायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

दिपालीनं स्टूल ओढलं. ती स्वतः बावडा गावातली होती. अशा आज्या तिला घरच्याच.

"कुजलेलं नाही आजी. तो रंग तुमच्या पांढऱ्या पेशींचा. छातीत जंतू शिरला की त्या धावून जातात. त्यांच्या पोटात एक एन्झाइम असतं, तेच हिरवं. मायलोपेरॉक्सिडेज."

"नावच लई लांबडं हाय."

"आणि ते काय करतं, सांगू?" दिपालीनं ती फसलेली डबी वर धरली. "टीसीएल पाण्यात पडली की जे तयार होतं ना जंतू मारायला, अगदी तेच ते तयार करतं. आपल्या अंगातल्या मिठापासून."

सिद्धू डबीकडं बघत राहिला.

"तेच म्हंजी... आपलं टाकीतलं?"

"तेच, आबा."

"मग हिच्यात टाकतं कोन?"

"कोणीच नाही."

साखरबाईंना हसू आलं आणि हसण्यातच खोकला. "ऐकलं का वो? तुमची डुटी हितं माज्या छातीत बिनपगारी चाललीया."

सिद्धू हसला नाही. "पर म्याडम, जास्त पडली तर? आमच्याकडं जास्त पडली की साड्या इटत्यात. बाया भांडाया येत्यात."

दिपालीनं डबी खाली ठेवली.

"तेच झालंय. जंतू आटोक्यात आले तरी ते एन्झाइम थांबत नाही. यांचंच फुप्फुस खराब करत सुटलंय. नवं औषध त्याचा हात आवरेल का, ते आम्ही बघतोय. आवरेलच, असं मात्र मी सांगू शकत नाही."

साखरबाईंनी हात पुढं केला.

"आना ती दुसरी डबी."

त्या खूप वेळ खोकत राहिल्या. सिद्धूनं त्यांची पाठ धरली. मग डबी पदराआड न लपवता त्यांनी ती दिपालीच्या हातात दिली.

दिपालीनं ती खिडकीकडं उंच धरली. ऊन आरपार आलं. आतला रंग कोवळ्या जोंधळ्यासारखा हिरवा होता.

ती झाकण लावायला गेली, तसा सिद्धू उठला.

"थांबा. बघू द्या जरा."

त्यानं खुर्चीपाशीच पायातल्या चपला काढल्या आणि अनवाणी खिडकीजवळ गेला.