जिनचे संवाद

इस्तंबूलमध्ये मी चार वर्षं सिनेमात कामं मागत फिरले. नर्स, शेजारीण, मोलकरीण, काहीही. उत्तर ठरलेलं. "रोजबीन, तू तोंड उघडलंस की लगेच कळतं, कुर्दी आहेस." अरे, मोलकरणीनंसुद्धा शुद्ध तुर्कीच बोलायचं का?

शेवटी एका भुताच्या सिनेमात काम मिळालं. जिननं झपाटलेली सून. मी पलंगाला बांधलेली आणि उशाशी कुराणातल्या आयती पढणारा होजा, म्हणजे मौलवी.

"माझे संवाद?" मी विचारलं.

"जिनला कसले आलेत संवाद?" दिग्दर्शक तायफुन बे हसले. "तुझ्या भाषेत ओरड काहीही. कुणाला कळतंय?"

सकाळपासून तशीच बांधून ठेवली होती. डोकं फिरलेलंच होतं. घसा फाटेपर्यंत ओरडले.

इस्तंबूलचं थिएटर किंचाळलं. एक बाई तर रडत बाहेर पळाली. तायफुन बेंनी पाठ थोपटली, "काटा आला गं अंगावर!"

मग सिनेमा आमच्या कुर्दी दियारबकीरला लागला. आईला घेऊन गेले. तो प्रसंग आला, पण इथं कुणी घाबरेचना. नुसती चुळबुळ. तेवढ्यात पुढच्या रांगेतली पांढऱ्या ओढणीची एक म्हातारी ताडकन उठली आणि पडद्यावरच्या होजावर खेकसली, "अहो, पढणं राहू द्या आधी! पोरगी मघापासून सांगतेय, हात दुखतोय, दोरी सोडा, पाणी द्या. कळत नाही का तुम्हाला?"