डेक्लन डावीकडे का कलतो

टॅमसिनने चाकांच्या खुर्चीची बाजूची उशी तिसऱ्यांदा बदलली, तरी दुपारपर्यंत डेक्लन पुन्हा डावीकडे कललेलाच.

त्याची आई ग्लेनिस दारात उभी होती. आता याला काही उपाय आहे की नाही, असं तिने घर दणाणून सोडत विचारलं. बाईला ऐकू कमी येतं हे घरादाराला ठाऊक होतं, आणि अशा माणसांची खोड असते तशी तीही सगळ्या जगाला बहिरं समजून बोले. टीव्हीसुद्धा असा लावी की शेजाऱ्यांनी वेगळा घ्यायची गरज नव्हती.

टॅमसिन गाडीत उशा, पट्टे आणि अवजारं भरून लॉन्सेस्टनहून इथे बर्नीला येई. स्नायूंचा आजार झालेल्या माणसांना खुर्चीत नीट बसवून देणं हे तिचं काम. त्यातच तिचे केस पिकले होते, पण या चोवीस वर्षांच्या पोराने तिला पार जेरीस आणलं होतं.

डेक्लनचे स्नायू लहानपणापासून झिजत चालले होते. आता त्याच्याकडे उरली होती उजव्या हाताची बोटं, ज्यांनी तो खुर्ची चालवी, आणि जीभ, जिने तो येईल त्याची टर उडवी. कणा अजून लवचीक होता एवढंच नशीब. पण हा असाच कलत राहिला तर हिवाळ्यापर्यंत बाक कायमचा होईल आणि डावं फुप्फुस त्याखाली चेपलं जाईल, हे टॅमसिनने दोघांनाही स्पष्ट सांगितलं होतं. त्या दिवसापासून ग्लेनिसच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

शेवटी टॅमसिनने आपली जुनी रीत काढली. अवजारं गाडीत टाकली, चहाचा मग घेऊन जमिनीवर बैठक मारली आणि सकाळभर कशालाही हात न लावता नुसती बघत राहिली.

टीव्हीवर फुटीचा, म्हणजे तिकडच्या फुटबॉलचा, सामना बघताना पोरगा सरळ. टॅमसिनची थट्टा करताना सरळ. बाहेर व्हरांड्यात चक्कर मारून आला, तरी सरळच. मग ग्लेनिस त्याच्या डाव्या हाताला स्टूल ओढून बसली आणि टोस्ट भरवू लागली. तो काहीतरी म्हणाला. ती नेहमीसारखी "काय? मोठ्यानं बोल की!" म्हणून ओरडली. डेक्लनने उशीवर सगळा भार टाकला, तिच्याकडे कलला आणि पुन्हा बोलला. बोलणं झालं, पण परत सरळ व्हायला अंगात जोर कुठला? तो तसाच राहिला. ग्लेनिसने त्याला सावरून बसवलं, जरा वेळाने पुन्हा तेच.

ग्लेनिस कपडे वाळत घालायला बाहेर गेली तशी टॅमसिन उठून त्याच्यासमोर बसली.

"तू आईच्या कानाशी जातोस, होय ना?"

"सापडलो," डेक्लन हसला. "बरेच दिवस लावलेस पण."

"कधीपासून चाललंय हे?"

"ती बहिरी झाली तेव्हापासून. ओरडायला गेलो की माझा दम संपतो. जवळ गेलं की अर्ध्या आवाजात भागतं." त्याने थांबून श्वास घेतला. "तिला सांगू नकोस हं. हा आजार आपल्याकडूनच मला आला म्हणून ती आधीच रडत असते. त्यात कानांमुळे पाठही गेली असं कळलं तर संपलीच बिचारी."

टॅमसिनने कबूल केलं. तिला हायसं वाटलं आणि स्वतःचा रागही आला. इतके दिवस आपण खुर्चीला नावं ठेवत बसलो, आणि इलाज हवा होता कानांना! ग्लेनिसला कानाचं यंत्र लागलं की पोरगा आपोआप सरळ.

ती मागच्या अंगणात गेली. ग्लेनिस दोरीवर चादर पसरत होती. टॅमसिनने तिच्या कानाशी तोंड नेलं आणि जोरजोरात यंत्राचा विषय काढला. हल्ली किती बारीक येतात, घातलंय हे कळतसुद्धा नाही, एकदा तपासून तर बघा, वगैरे. डेक्लनचं नाव तिने चुकूनही घेतलं नाही.

ग्लेनिसने चादरीला चिमटा लावला. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे एकदा बघून घेतलं आणि टॅमसिनला ओढून चादरीआड नेलं. मग ती बोलली, ती इतक्या हळू की टॅमसिनलाच कान द्यावा लागला.

"ओरडू नकोस गं, मला चांगलं ऐकू येतं. छातीच्या डॉक्टरने सांगितलं होतं, पोराला मोठ्यानं बोलायला लावा, तेवढाच फुप्फुसांना व्यायाम. हा कसला ऐकतोय माझं! मग म्हटलं, आपणच बहिरं व्हावं."