सड्यावरची हद्द

म्हशींच्या गळ्यात यंत्राचे पट्टे आल्यापासून डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर भांडण म्हणून उरलं नव्हतं. दोन वाड्यांच्या चराईची हद्द आता पट्ट्यांनाच ठाऊक होती. म्हैस तिथवर पोचली की पट्टा गुणगुणायचा आणि ती आपसूक मागं वळायची. राखणीला कुणी वर येतच नव्हतं.

आज मात्र ठकूबाई डोंगर चढली. तिनं आपल्या म्हशीचा पट्टा काढला आणि पाठीवर थाप मारून तिला हद्दीपलीकडं हुसकलं.

"ए ठके, म्हस आवर! आमच्या गवतात शिरलीया!"

पलीकडच्या वाडीची धाकलूबाई, तिची जुनी वैरीण, काठी आपटत येत होती. तीन वर्षांनी तो आवाज ऐकून ठकूबाईचा चेहरा उजळला.

"न्हाई आवरत! काय करशील?"

धाकलूबाई जवळ आली. तिच्याही हातात म्हशीचा काढलेला पट्टा होता.